वेताळ टेकडी की सिंहगड? टेकडीवरून हॅम रेडिओ चालवायचा आहे: अँटेना, बॅटरी, जागा

टेकडी_कोथरूड

नमस्कार मंडळी. हॅम म्हणजे हौशी रेडिओचा परवाना आणि कॉलसाइन (हवेवरची ओळख-अक्षरं) हातात आहे, पण फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि गच्चीवर तार ओढायला सोसायटीची परवानगी नाही. बाल्कनीतल्या तारेवर ७ मेगाहर्ट्झला एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा काटा) कोणी बोलत नसतानाही गोंगाटाने एस-७ वर बसलेला असतो. म्हणून रविवारी सकाळी टेकडी गाठायची, दोन तास सेट चालवायचा आणि दहाच्या आत खाली उतरायचं असा बेत आहे. सेट दोनच: ५ वॉटची हँडी (हातात मावणारा १४५ मेगाहर्ट्झचा सेट) आणि यूबिटएक्स (७, १४ मेगाहर्ट्झ अशा बँडांवर चालणारा १० वॉटचा सेट).

विचारायचं आहे ते असं. एक, सिंहगड उंच आहे म्हणून तिथे जाणं फायद्याचं, की वेताळ टेकडी पुरे? दोन, वर झाडं विरळ आणि जमीन खडकाळ, मग अँटेना कशावर उभी करायची? तीन, बॅटरी किती घ्यावी? घरी यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची पडून आहे, ती चालेल का? चार, एंड-फेड (एका टोकाला केबल जोडतात ती तार) घ्यावी की डायपोल (मधोमध केबल जोडतात ती दोन बाजूंची तार)? लोक दोन्ही सांगतात. मापं दिलीत तर बरं होईल.

---

सातमेगा

आधी सिंहगडाचं. ७ मेगाहर्ट्झसाठी टेकडीची उंची जवळजवळ काहीच देत नाही. तुमची लहर वर आयनावरणात जाऊन खाली येणार. ती ८०० मीटरवरून निघाली काय आणि १३०० वरून निघाली काय, फारसा फरक नाही. टेकडीवर मिळते ती शांतता. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, लिफ्ट, इन्व्हर्टर हे सगळं खाली राहतं. एस-७ चा गोंगाट एस-२ वर आला तर पाच एस-युनिट म्हणजे सुमारे ३० डेसिबलचा फायदा झाला. १० वॉटऐवजी १०० वॉट लावले तरी फक्त १० डेसिबल मिळतात, यावरून अंदाज करा. त्यामुळे एचएफसाठी (३ ते ३० मेगाहर्ट्झ, ७ आणि १४ त्यातच) वेताळ टेकडी उत्तम. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने गेलात तर चढ नावालाच आहे.

मात्र हा फायदा एकतर्फी आहे, हे पक्कं डोक्यात ठेवा. तुम्हाला समोरचा स्वच्छ ऐकू येईल, पण त्याच्या घरचा गोंगाट कमी झालेला नाही. नवीन माणूस तिथेच खचतो. सगळे ऐकू येतात, उत्तर कोणीच देत नाही, आणि मग सेटवर संशय येतो. म्हणून १० वॉटवर स्वतः सीक्यू (कोणीही उत्तर द्या, अशी हाक) देत बसू नका. दुसरा सीक्यू देत असेल आणि तुमच्याकडे तो एस-९ च्या आसपास येत असेल, तर त्याला उत्तर द्या. नेट (एका नियंत्रकाखाली हवेवर जमलेला गट) चालू असेल तर दोन संवादांच्या मधल्या फटीत फक्त कॉलसाइन आणि "पोर्टेबल, कमी पॉवर" एवढंच सांगा. नियंत्रक बहुतेक वेळा तुम्हाला आधी घेतो.

आता अँटेना. तुमच्या कामाला मी दोन बँडांची लिंक डायपोल (प्रत्येक बाजूच्या मध्ये उघडता-जोडता येणारा सांधा, म्हणजे लिंक, असलेली) सुचवेन, उलट्या व्ही आकारात. वीस मीटरऐवजी तीन-चार मीटरमध्ये काम करते म्हणणारी कुठलीही जादूची तार विकत घेऊ नका. ०.५ चौरस मिलिमीटरची साधी मल्टिस्ट्रँड वायर घ्या. २० मीटरचं वजन पाव किलोच्या आत येतं. सूत्र तेच: १४२.५ भागिले मेगाहर्ट्झ म्हणजे पूर्ण लांबी मीटरमध्ये. ७.१ ला २०.०७ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू १०.०३. १४.२ ला प्रत्येक बाजू ५.०२. पीव्हीसीच्या आवरणामुळे तार विजेच्या दृष्टीने लांब भासते, त्यामुळे शेवटी दोन-तीन टक्के कापावंच लागतं. पण कापताना आधी जास्तच ठेवा: आतला तुकडा ५.१०, पुढे लिंक, मग बाहेरचा तुकडा धरून एकूण १०.२०.

जुळवण्याचा क्रम चुकवू नका. आधी लिंक उघडून १४ मेगाहर्ट्झ जुळवा, मग लिंक जोडून ७ जुळवा. उलट केलंत तर आतला तुकडा कापताच ७ चं सगळं बिघडतं. हिशेब सोपा आहे. ७ मेगाहर्ट्झवर दोन्ही बाजूंचे १०-१० सेंटिमीटर कमी केले की अनुनाद (तार नेमकी जुळते ती फ्रीक्वेन्सी) सुमारे ७० किलोहर्ट्झ वर सरकतो. १४ वर दोन्हीकडचे ५-५ सेंटिमीटर कमी केले तर सुमारे १४० किलोहर्ट्झ. कापण्याऐवजी टोक मागे दुमडून पिळा, पुढच्या जागी परत सोडता येतं.

लिंकसाठी प्लास्टिकच्या पट्टीला तीन सेंटिमीटर अंतरावर दोन भोकं पाडा आणि तार भोकांतून ओवून गाठ मारा, म्हणजे ताण पट्टीवर येतो. वीज जाण्यासाठी कार ऑडिओत वापरतात ती बुलेट पिन लावा. ताण पिनवर आला की पिन वाऱ्यात सुटते, तुम्ही ७ वर बोलत असता आणि तार मात्र १४ ची झालेली असते. यूबिटएक्सच्या शेवटच्या टप्प्यात आयआरएफ-५१० ट्रान्झिस्टर आहेत आणि वाईट एसडब्ल्यूआरपासून (अँटेना न जुळल्याने पॉवर किती परत येते त्याचं माप) वाचवणारं संरक्षण मूळ मांडणीत नाही. म्हणून प्रत्येक वेळी लिंक बदलली की पॉवर देण्याआधी मीटरवर पाहाच. २ च्या आत हवं.

उभं करायला गळाची काठी. ग्लास फायबरची, ७ मीटरची. विकत घेताना कार्बनची नाही ना, हे विचारून घ्या. कार्बन वीज वाहतं आणि तारेचं सगळं गणित बिघडवतं. वरचा बारीक शेंडा काढून टाका, तो वजन पेलत नाही. ६ मीटरवर मध्यबिंदू बांधा आणि टोकं जमिनीपासून २ मीटरवर ठेवा. १० मीटरची बाजू ४ मीटर खाली उतरते, म्हणजे आडवं अंतर दरबाजूला ९.२ मीटर. दोरीसकट पंचवीस मीटर सरळ मोकळी जागा लागेल. मधला कोन साधारण १३० अंशांचा होतो, छान. ९० च्या खाली जाऊ देऊ नका.

खुंट्या नेऊ नका. आपल्याकडच्या बेसॉल्टवर मातीचा थर बोटभर, खाली मुरूम नाहीतर कातळ, खुंटी जातच नाही. तणावे दगडाला बांधायचे. डोक्याएवढा दगड घ्या, त्याला दोरीचा दुहेरी वेढा द्या आणि वर दुसरा दगड ठेवा. काठीच्या बुंध्यापासून दोन मीटरवर तीन दिशांना तीन तणावे, काठीच्या एक तृतीयांश उंचीवर. वरती बांधले तर काठी कमानीसारखी वाकते.

वेळ: सकाळी ७ ते १० ला ७ मेगाहर्ट्झ. सहा मीटर उंची म्हणजे ७ वर फक्त ०.१४ तरंगलांबी, त्यामुळे बहुतेक ऊर्जा सरळ वर जाते आणि छत्रीसारखी खाली पडते. मुंबई, नाशिक, कोल्हापूर, हैदराबाद यांच्यासाठी नेमकं हेच हवं. दहानंतर ऊन चढलं की आयनावरणाचा खालचा डी-थर सिग्नल खाऊ लागतो. तेव्हा लिंक उघडून १४ वर जा. तिथे जवळची गावं गप्प होतात आणि दिल्ली, कोलकाता, पलीकडचे देश येऊ लागतात. पुण्यातला मित्र १४ वर ऐकू आला नाही म्हणून अँटेनावर शंका घेऊ नका.

---

उंचावरून_१४५

सातमेगांचं एचएफबद्दलचं म्हणणं बरोबर. पण हँडीसाठी उंचीच सगळं काही आहे, म्हणून सिंहगडाचा प्रश्न वेगळा पाहायला हवा.

क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये = ४.१२ गुणिले उंचीचं वर्गमूळ, उंची मीटरमध्ये आणि आजूबाजूच्या सपाटीपासून मोजलेली. वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, शहर ५६०. फरक २४०, वर्गमूळ १५.५, म्हणजे ६४ किलोमीटर. समोरचा ३० मीटर उंच गच्चीवर असेल तर त्याचे २३ किलोमीटर यात मिळवा. सिंहगडावरून ७०० मीटरचा फरक धरला तर १०९ किलोमीटर. पण हे गणित मोकळ्या दिशेचं. वेताळ टेकडीवरून पूर्वेला यवत-दौंडकडे वाट मोकळी आहे. दक्षिणेला सिंहगड-कात्रज-भुलेश्वरची रांग आडवी येते, त्यामुळे साताऱ्याच्या बाजूला सावली. पश्चिमेला सह्याद्रीची धार. ऐकू येत नाही म्हणजे पॉवर कमी, असं समजून धडपडू नका. आधी नकाशावर रेघ ओढून मध्ये काय येतं ते बघा.

सिंहगडावर अडचण वेगळी आहे, तिथले प्रक्षेपणाचे मनोरे. स्वस्त हँडीत सगळा रिसीव्हर एका चिपमध्ये असतो आणि त्याच्या पुढे गाळणी नावापुरती. जवळचा जोरदार सिग्नल आत घुसला की रिसीव्हर बधिर होतो. बाहेरून काहीच कळत नाही: खरखर नाही, शिट्टी नाही, फक्त स्टेशनं ऐकू येत नाहीत. तपासायची रीत अशी. एक कमजोर स्टेशन रबरी अँटेनावर ऐका, मग बाहेरची मोठी अँटेना लावा. सिग्नल वाढायच्या ऐवजी कमी झाला तर रिसीव्हर दबला आहे हे नक्की. उपाय: मनोऱ्याकडे पाठ करून माथ्याच्या दुसऱ्या टोकाला जा, म्हणजे मध्ये जमिनीचा उंचवटा येईल. किंवा फक्त १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचं आत सोडणारी बँडपास गाळणी लावा. मोठी अँटेना हा उपाय नव्हे, तिने दुखणं वाढतं.

अँटेना म्हणाल तर सुरुवात अगदी फुकटात होते. ४९ सेंटिमीटरची लवचीक तार घ्या आणि हँडीच्या अँटेना सॉकेटच्या बाहेरच्या धातूला लागेल अशी रिंग करून खाली लोंबू द्या. रबरी अँटेनाला दुसरी बाजू मिळते आणि तेवढ्यानेही दूरच्या रिपोर्टमध्ये (समोरचा सांगतो त्या सिग्नलच्या जोरात) फरक दिसतो. पुढची पायरी ग्राउंड प्लेन: एक एसओ-२३९ सॉकेट, मध्ये ४९ सेंटिमीटरचा उभा तांब्याचा दांडा, चार कोपऱ्यांना ५१-५१ सेंटिमीटरचे चार दांडे ४५ अंश खाली वाकवलेले. ४५ अंश शोभेसाठी नाहीत. दांडे आडवे ठेवले तर रोध ३५ ओहमच्या आसपास राहतो, वाकवले की सेटला हव्या असलेल्या ५० च्या जवळ येतो.

केबलची लांबी आवरा. पातळ आरजी-१७४ सुटसुटीत म्हणून १० मीटर नेली, तर ७ मेगाहर्ट्झला एक डेसिबलच्या आत जातं, पण १४५ ला साडेतीनच्या आसपास. म्हणजे ५ वॉटपैकी सव्वादोनच वर पोहोचतात. टेकडीच मास्ट आहे, १४५ साठी २ मीटर केबल आणि डोक्याच्या वर अँटेना एवढं पुरतं.

१४५.८ ते १४६ हा भाग उपग्रहांचा. तिथे एफएमवर गप्पा मारू नका. टेकडीवरून तुमचा ५ वॉट उपग्रहाच्या रिसीव्हरपर्यंत सहज जातो.

---

टेकडी_कोथरूड

दोघांचेही मनापासून आभार. म्हणजे पहिल्या रविवारी वेताळ टेकडी, ७ मेगाहर्ट्झ आणि हँडी दोन्ही. पण एंड-फेडबद्दल अजून शंका आहे. एकच टोक वर, दुसरं टोक सेटजवळ, हे एकट्या माणसाला सोपं नाही का? आणि बॅटरीचं राहिलं.

---

फेरे_मोजा

एंड-फेडच्या बाजूने मी बोलतो. एकटा माणूस आणि अरुंद माथा असेल तर तीच बरी. मधून केबल लोंबत नाही, त्यामुळे काठीवरचं वजन निम्म्याहून कमी होतं. तीच २० मीटरची तार ७, १४, २१ आणि २८ वर चालते, लिंक नाही. पण तिचा ट्रान्सफॉर्मर (तारेच्या टोकाचा मोठा रोध सेटच्या ५० ओहमशी जुळवणारा) नीट गुंडाळला नाही तर ती डायपोलपेक्षा वाईट, हे मान्य.

ट्रान्सफॉर्मरचा गाभा एफटी-१४०-४३ ही फेराइटची कडी. प्राथमिक २ फेरे, दुय्यम १४ फेरे, म्हणजे १ः७. रोध त्याच्या वर्गाने बदलतो, म्हणून ४९ पट. ०.८ मिलिमीटरची एनॅमल तार. पहिले दोन फेरे प्राथमिक आणि दुय्यमच्या तारा एकमेकींत पिळून घाला. फेरा मोजायचा तो तार गाभ्याच्या भोकातून आत गेली की एक. बाहेरून मोजणारे हमखास एक फेरा चुकवतात. २ च्या जागी ३ झाले की ४९ चे २२ पट होतात आणि मग तार कितीही कापा, एसडब्ल्यूआर बसत नाही. सॉकेटच्या दोन टोकांमध्ये १०० पिकोफॅरडचा, निदान ५०० व्होल्टचा कपॅसिटर. त्याचा उपयोग २१ आणि २८ वर कळतो. एनॅमल खरवडून पूर्ण निघालं आहे ना, ते भिंगातून बघा. सोल्डरचा डाग वरून चकचकीत दिसतो आणि खाली एनॅमल तसंच असतं.

चाचणी: दुय्यमच्या टोकाला २४५० ओहमचा कार्बन रेझिस्टर लावा (२.२ किलो आणि २४०-२७० ओहम मालिकेत) आणि सेटच्या बाजूने एसडब्ल्यूआर मोजा. सर्वात कमी पॉवर, एखाद-दोन सेकंदच, नाहीतर रेझिस्टर जळेल. अँटेना अॅनालायझर असेल तर उत्तमच. १.५ च्या आत आलं की डबा बंद करा.

आता खरी मेख. या अँटेनाला परतीची वाट लागते, आणि तुम्ही दिली नाहीत तर ती केबलचं बाहेरचं कवच वापरते. मग माइकला ओठ लागला की चुरचुरतं, आवाज फाटतो, समोरचा म्हणतो "ऑडिओ खराब". उपाय म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या जमिनीच्या टोकाला २ मीटर तार जमिनीवर सोडा आणि केबलवर सेटजवळ चोक (कवचावरून येणारी वीज अडवणारी गुंडाळी) घाला: आरजी-१७४ चे १० ते १२ फेरे दुसऱ्या एफटी-१४०-४३ वर. सातमेगांच्या डायपोललाही मध्यावर असाच चोक लावा.

बॅटरी. यूबिटएक्स ऐकताना २०० मिलिअँपिअरच्या आत घेतो, बोलताना दोन अँपिअरच्या आसपास. पाव वेळ बोलणं धरलं तर सरासरी ०.६५ अँपिअर, दोन तासांना १.३ अँपिअर-तास. यूपीएसची ७ ची बॅटरी नवी असेल तर आरामात पुरेल. पण वजन दोन किलोंच्या वर, आणि कपाटात वर्षभर पडून असलेल्या शिशाच्या बॅटरीवर भरवसा ठेवू नका. भार नसताना १२.७ दाखवते आणि माइकचं बटण दाबताच ११ च्या खाली जाते. मग फ्रीक्वेन्सी डळमळते आणि आवाज घोगरा होतो. घरीच १२ व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावून अर्धा तास चालवून पाहा. शेवटी १२ च्या वर राहिली तर न्या.

विकतच घ्यायची तर चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट, ६ अँपिअर-तास, बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) असलेली. वजन पाऊण किलोच्या घरात. तिचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपास टिकतो आणि मग एकदम पडतो. म्हणून व्होल्टमीटर बघून किती उरलं ते कळत नाही, वेळ मोजा. धन तारेवर ५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून दहा सेंटिमीटरच्या आत. सेटजवळ लावलेला फ्यूज मधल्या तारेला वाचवत नाही. जोडणीला एक्सटी-६०, ती उलटी बसतच नाही. पॉवर बँकेतून १२ व्होल्ट काढणारी छोटी सर्किटं टाळा. त्यांच्या स्विचिंगचा गोंगाट थेट ७ मेगाहर्ट्झवर येतो, मग टेकडी चढून मिळवलेली शांतता पिशवीतूनच गेली.

इअरफोन वापरत असाल तर आवाजाच्या बटणावर हात ठेवा. यूबिटएक्सच्या मूळ मांडणीत एजीसी (आवाज आपोआप आवरणारी सोय) नाही, कमजोर स्टेशनासाठी आवाज वाढवलेला असताना शेजारचं जोरदार स्टेशन सुरू झालं की कानठळ्या बसतात.

---

रानवाट_पाषाण

जागेबद्दल थोडं, कारण वेताळ टेकडीवर सकाळी फिरणाऱ्यांची खूप वर्दळ असते. देवळाजवळचा माथा आणि खाणीकडची मुख्य वाट सोडून बाजूच्या मोकळ्या पठारावर बसा. तार कुठल्याही पायवाटेवरून नेऊ नका. टोकांच्या दोरीला छातीच्या उंचीवर लाल-पिवळी फीत बांधा. धावणाऱ्याला काळी वायर दिसत नाही. अँटेनाच्या टोकाशी व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं, १० वॉटलाही बोट भाजतं. सातमेगांनी सांगितलेले २ मीटर त्यासाठीही पाळा. लहान मुलं फिरतात तिथे अडीच करा.

जागा वनखात्याची आहे. झाडाला खिळा नाही, फांदी तोडणं नाही, दोरी सुती किंवा रुंद पट्ट्याची. झाडावर दोरी फेकण्याआधी वर आग्यामोहोळ नाही ना ते नीट बघा. दगड बांधलेली दोरी चुकून पोळ्याला लागली तर सगळ्या टेकडीवरच्या लोकांना पळावं लागेल. किल्ल्यांवर हे आणखी जपायचं. तटबंदीच्या कड्यांखाली पोळी असतात, आणि संरक्षित वास्तूच्या दगडात काही ठोकणं किंवा तिला ताण देणारी दोरी बांधणं गुन्ह्यात मोडतं.

परवान्याची छायाप्रत आणि सेटची खरेदी-पावती जवळ ठेवा, आणि परवान्यात ठिकाणाबद्दल काय अट लिहिली आहे ती घरून निघण्यापूर्वी वाचा. तार, काठी आणि वायरलेस दिसला की लोक विचारणारच. एका कागदावर चार ओळी मराठीत लिहून न्या: हा हौशी रेडिओ आहे, सरकारी परवाना आहे, एक-दोन तासांत आवरतो. वनरक्षक आला तर आधी इअरफोन काढा, कागद दाखवा. ऐकायला कोणालाही द्या, पण माइक परवाना नसलेल्याच्या हातात नको.

ऋतू: ऑक्टोबर ते फेब्रुवारी. डिसेंबरनंतर गवत वाळून कोळ झालेलं असतं, सोल्डरिंगचा गॅस वर काढू नका, दुरुस्ती घरीच. एप्रिल-मे मध्ये वळवाचे ढग सहसा दुपारी चढतात. ७ मेगाहर्ट्झवर कडकड वाढू लागली तर आकाश बघा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांच्या आत असेल तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा आधी केबल सेटपासून काढा, काठी आडवी करा आणि माथा सोडा. सामान राहिलं तरी चालेल.

---

सातमेगा

फेरे_मोजा यांचं एंड-फेडबद्दल पटलं. एकट्याने जाणार असाल तर तीच करा. फक्त पहिल्या रविवारी नको. पहिल्या खेपेला बदलणाऱ्या गोष्टी जितक्या कमी तितकं बरं. डायपोलमध्ये बिघडण्यासारखं दोनच: सोल्डर आणि लांबी. एंड-फेड घरी जुळवून घ्या आणि दुसऱ्या खेपेला दोन्ही न्या. पाच-पाच मिनिटं आलटून पालटून एकाच स्टेशनकडून रिपोर्ट घ्या, मध्ये जास्त वेळ गेला तर बँडच बदललेला असतो.

आणि एक राहिलं. पंचवीस मीटर मोकळी जागा म्हणालो, ती सरळ रेषेतच हवी असं नाही. माथा अरुंद असेल तर दोन बाजूंमध्ये वरून पाहताना काटकोनापर्यंत वळण चालतं. अनुनाद थोडा सरकतो, तो टोकं दुमडून भरून काढा. दगडांना दोरी बांधण्याआधी दोन्ही टोकं जमिनीवर पसरून बघा, म्हणजे काठी उभी केल्यावर दगड हलवत बसावं लागणार नाही.